गुण पोहोचतात, कागद अडतात

पालकहो, सीईटीचे गुण कॉलेजांना वेगळे पाठवावे लागत नाहीत. अडतं ते दाखल्यांवर. आमची एक माजी विद्यार्थिनी, कर्जतजवळच्या ठाकूरवाडीतली. पर्सेंटाईल छान, पण मुदत संपत आली तरी जात वैधता प्रमाणपत्र हाती नव्हतं. अर्जच बारावीनंतर केलेला. त्यात वडिलांच्या शाळेतल्या नोंदीत जमात नाही, नुसतं 'हिंदू'!

आपल्याकडच्या अनुसूचित जमातींची पडताळणी ठाण्याच्या समितीकडे होते, वेळ लागतोच. म्हणून अकरावी विज्ञानला प्रवेश मिळाला की लगेच कॉलेजमार्फत अर्ज करा. वडील, काका, आत्या यांच्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर जोडा.

आणि शिक्षकहो, पहिलीच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जमात नीट लिहूया. बारा वर्षांनी तोच कागद शोधावा लागतो.