सूत्र पाठ करू नका, सिद्ध करा!



शिरूर, दौंड परिसरातील आपली अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी विज्ञानाला गेल्यावर त्रिकोणमितीला घाबरतात. सूत्रांची यादी पाठ करतात, परीक्षेत विसरतात आणि 'गणित आपल्यासाठी नाही' असे ठरवून टाकतात. हा समज खोटा आहे. एक सूत्र नीट समजले, तर बाकीची त्यातूनच निघतात.

पहिली चूक : पुष्कळ जण साइन (अ + ब) = साइन अ + साइन ब असे लिहितात. पडताळून पाहा. अ = ३०°, ब = ६०° घ्या. उजवी बाजू ०.५ + ०.८६६ = १.३६६ येते, परंतु साइनची किंमत १ पेक्षा जास्त कधीच नसते. म्हणजे हे चूक आहे.

खरे सूत्र : साइन (अ + ब) = साइन अ कॉस ब + कॉस अ साइन ब

सिद्धता : त्रिकोण कखग काढा. क मधून खग वर कम हा लंब टाका. कोन खकम = अ, कोन गकम = ब. कख = प, कग = फ, कम = ल माना.

मोठ्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ = दोन लहान त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज. म्हणून,
½ पफ साइन (अ + ब) = ½ पल साइन अ + ½ फल साइन ब

आता ल = फ कॉस ब, तसेच ल = प कॉस अ. पहिल्या पदात पहिली किंमत व दुसऱ्या पदात दुसरी किंमत घाला आणि ½ पफ ने भागा. सूत्र मिळाले! येथे अ व ब लघुकोन आहेत. परंतु सूत्र सर्व कोनांना लागू पडते. ब ऐवजी −ब घातल्यास,
साइन (अ − ब) = साइन अ कॉस ब − कॉस अ साइन ब

उदाहरण : सिद्ध करा, साइन (अ + ब) × साइन (अ − ब) = साइन² अ − साइन² ब

डावी बाजू
= साइन² अ कॉस² ब − कॉस² अ साइन² ब
= साइन² अ (१ − साइन² ब) − (१ − साइन² अ) साइन² ब
= साइन² अ − साइन² ब = उजवी बाजू

येथे दहावीची साइन² + कॉस² = १ हीच नित्यसमानता कामी आली. लक्षात ठेवा, एकाच बाजूपासून सुरुवात करून दुसरीपर्यंत जायचे. जे सिद्ध करायचे तेच आधी खरे मानू नये.

कोनांच्या बेरजेचा व वजाबाकीचा हा नियम भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (इ. स. ११५०) 'ज्या'च्या भाषेत दिला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्या काळी अशी विद्या मोजक्या घराण्यांपुरती राहिली. ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी व १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. उघडलेल्या दारातून आत जाणे आता आपल्या हाती आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले की, केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. गणिताची वहीही तेच सांगते.

स्वाध्याय : (१) साइन ७५° ची किंमत काढा. (२) सिद्ध करा, साइन (अ + ब) + साइन (अ − ब) = २ साइन अ कॉस ब.

धाकट्या भावंडांना शेजारी बसवून सोडवा. जय भीम!