गाडी लागायच्या आधी

मानकोली, ता. भिवंडी
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय बाळा,


तुझं पत्र रात्रपाळीला निघताना मिळालं. गोदामाच्या दारात उभ्यानं वाचलं, पहाटे पुन्हा वाचलं. आई गेल्यापासून कशातच जीव लागत नाही. ती आता स्वर्गातच भेटायची, मग इथलं कॉलेज, परीक्षा, नोकरी हवी कशाला, असं तू विचारतोस. ताई माझी थोरली बहीण. तिचं बोट धरून मी शाळेत गेलो. तेव्हा तुला वरवरचं काही लिहिणार नाही.

आधी पोटभर रडून घे. आपल्यात कुणी गेलं की माणसं 'प्रभूमध्ये निजली' म्हणतात आणि रडणाऱ्याला गप्प करतात. मला ते कधी पटलं नाही. लाजराला आपण आत्ता उठवणार, हे प्रभूला ठाऊक होतं. तरी तो रडलाच ना?

पण कॉलेज सोडायचं म्हणतोस, ते मला मान्य नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीत प्रभूच्या येण्याच्या गोष्टींनी खळबळ उडाली होती आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौलानं त्यांची आशा काढून घेतली नाही. त्यानं त्यांना कामाला लावलं. तो स्वतः तंबू शिवून पोट भरणारा माणूस. त्याला हे सांगायचा हक्क होता. मोबाइलवर प्रभूच्या येण्याच्या तारखा सांगणारे ऐकत बसू नकोस. तो दिवस पित्याखेरीज कुणालाच माहीत नाही, असं खुद्द प्रभूच सांगून गेला आहे.

बारा वर्षं मी इथं रात्रीच्या गाड्यांची वाट बघतोय. दोनला येणारी गाडी नाशिक हायवेच्या कोंडीत अडकते आणि पाचला येते. तोवर आम्ही माल मोजतो, खोकी पत्त्याप्रमाणं लावतो, बिलं जुळवतो, डॉक मोकळा ठेवतो. गाडी लागल्यावर जो माल शोधत पळतो, तो वाट बघत नव्हता, झोपला होता. कमर बांधून, दिवे लावून धन्याची वाट बघणाऱ्या चाकरांचा दाखला मी लहानपणापासून देवळात ऐकला, पण उमगला तो या गोदामात.

तुझ्या आईनं लहानपणी मला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. वर्षानुवर्षं ते काम चाललं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंची स्वतःची तब्येत ढासळलेली. लेक पुढं गेली, आता मलाही ने, एवढंच म्हणत त्या पडून राहिल्या असत्या तर कोण काय बोललं असतं? पण त्या मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. स्वर्गाची ओढ त्यांना कमी होती, असं कोण म्हणेल?

आणि ताईचंच बघ. शेवटच्या महिन्यात ती स्वर्गाविषयी किती आनंदानं बोलायची, तू ऐकलंस. त्याच महिन्यात तिनं आजीच्या डोळ्यांत थेंब कधी घालायचे, त्याच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. तिच्यासाठी ही दोन कामं वेगळी नव्हतीच. आई भेटणार आहे, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या विश्वासावरच तुला सांगतोय, ऊठ. तो कागद अजून भिंतीवर असेल. आजपासून ते थेंब तू घाल. परीक्षेचा फॉर्म या आठवड्यात भर. पैसे मी पाठवले आहेत.

नाताळच्या चार दिवस आधी मी घरी येतोय. चुना आणि ब्रश घेऊन ठेव. ताईच्या कबरीला आपण दोघं मिळून चुना लावू.

तुझा मामा