सिकलागची राख आणि मागे राहिलेले दोनशे

आजचा शास्त्रपाठ : १ शमुवेल ३०:१-२५



आजच्या अध्यायातलं सहावं वचन तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी स्टेटसला ठेवलं असेल. मीही ठेवलंय. सगळं संपल्यासारखं वाटत असताना दावीदाने आपल्या देवाकडून बळ घेतलं, असं ते वचन. पण स्टेटसवर वचनाचा शेवटचा तुकडा येतो, त्याच्या आधीचं काही येत नाही. म्हणून आज आधीचं वाचू या.

दावीद शौलापासून पळून पळून थकला होता. सत्ताविसाव्या अध्यायात तो मनाशीच ठरवतो की आता पलिष्ट्यांच्या देशात गेलेलं बरं. गथचा राजा आखीश त्याला सिकलाग नावाचं गाव राहायला देतो. तिथे एक वर्ष चार महिने जातात. या सोळा महिन्यांत दावीदाने देवाला काही विचारलं, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. त्याने स्तोत्रं म्हटली नसतील असं मी म्हणत नाही. पण निर्णय घेताना तो स्वतःच्याच मनाशी बोलत होता. हे मला फार ओळखीचं वाटतं! एखादी व्यवस्था लागते, पगार सुरू होतो, घर मिळतं आणि मग रोजची प्रार्थना जेवणापुरती उरते.

पुढे पलिष्टी सरदार दावीदावर विश्वास ठेवायला तयार होत नाहीत. युद्धातून त्याला परत पाठवतात. तिसऱ्या दिवशी तो आणि त्याची सहाशे माणसं सिकलागला पोहोचतात, तर गाव जळून खाक झालेलं. अमालेकी सगळ्या बायकामुलांना धरून घेऊन गेलेले. अहीनवाम आणि अबीगईल, दावीदाच्या दोन्ही बायकाही त्यांतच.

चौथं वचन सावकाश वाचा. ते सगळे मोठ्याने रडले, आणि रडायचंही त्राण उरलं नाही इतके रडले. ही लढवय्यी माणसं होती. आपल्याकडे कुणी रडायला लागलं की लगेच "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असं म्हणायची घाई होते. इथे तशी घाई कुणीच करत नाही. सबळ होण्याच्या दोन वचनं आधी रडणं आहे, आणि त्याबद्दल दावीदाला कुणी दोष दिलेला नाही.

रडून झाल्यावर माणसं दावीदालाच दगडमार करायचं बोलू लागतात. त्यांची मनं कडू झाली होती. मूळ इब्री भाषेत इथे जो शब्द आहे, त्याच मुळातून नामीने स्वतःला घेतलेलं ‘मारा’ हे नाव आलंय (रूथ १:२०). आणि हीच माणसं बाविसाव्या अध्यायात अदुल्लामच्या गुहेत दावीदाकडे आली होती, तेव्हाही कर्जबाजारी, पिडलेली आणि कडवट मनाची अशीच होती. तेव्हा त्यांना दावीदाने आसरा दिला. आता त्यांच्याच हातात दगड. "दावीद मोठ्या संकटात पडला" असं आपण वाचतो, तिथल्या इब्री शब्दात अरुंद जागेचा अर्थ आहे. मराठीतही आपण ‘अडचणीची जागा’ म्हणतो ना, अगदी तसंच. वळायलाही जागा नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. अकरा मिनिटांत मला सांगितलं की तुमची जागा आता राहिलेली नाही. लॅपटॉप कुरिअरने परत करायचा होता. पप्पांच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर होती, आणि माझ्या पगारावर घरचं कर्ज चालू होतं. कॉल संपल्यावर मी फोन उचलला आणि एक नंबर काढला. काढल्यावर लक्षात आलं की ती नाहीये. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत ती गेली. कॉलेजपासून दर बुधवारी रात्री आम्ही दोघी फोनवर प्रार्थना करायचो. काही झालं की आधी तिला सांगायचं आणि मग देवाला, असा माझा क्रमच होता. तिचा नंबर मी अजून डिलीट केलेला नाही.

त्या रात्री मला प्रार्थना जमली नाही. खोटं कशाला सांगू? सिकलागचा अध्याय मी त्यानंतर आठवडाभराने वाचला, तोही कारण आमच्या मंडळीच्या वाचनक्रमात तो आला म्हणून. आणि तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी आधी कधी दिसली नव्हती.

१ शमुवेल २३:१६ काढा. दावीद जीफच्या रानात लपलेला असताना योनाथान त्याला भेटायला जातो आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो. तिथलं इब्री क्रियापद आणि सिकलागमधलं क्रियापद एकच आहे. म्हणजे जे काम रानात योनाथानाने दावीदासाठी केलं, ते सिकलागच्या राखेत दावीदाला स्वतःलाच करावं लागलं. कारण योनाथान तिथे नव्हता. तो उत्तरेकडे आपल्या बापाबरोबर शेवटच्या लढाईला उभा होता.

मी ते वाचून बराच वेळ बसून राहिले. एखाद्या माणसाने आपल्याला देवाकडे न्यायची इतकी सवय लावलेली असते की ते माणूस गेल्यावर देवही गेल्यासारखा वाटतो. पण योनाथानाने दावीदाला स्वतःच्या ठायी बळकट केलं नव्हतं, देवाच्या ठायी केलं होतं. वाट त्याने दाखवली होती आणि वाट तिथेच होती.

दावीदाने हे नेमकं कसं केलं, ते वचन सांगत नाही. पुढच्याच वचनात तो काय करतो, ते मात्र सांगतं. तो अब्याथार याजकाला एफोद आणायला सांगतो आणि देवाला प्रश्न विचारतो: या टोळीचा पाठलाग करू का? मी त्यांना गाठीन का? सोळा महिन्यांनंतर पहिल्यांदा विचारणं. (अब्याथार कोण, हेही विसरू नका. नोब गावच्या ८५ याजकांना शौलाने मारवलं, त्यातून वाचलेला हा एकटा. त्या हत्येला आपण कारण झालो, हे दावीदाने स्वतः कबूल केलं होतं. आणि तोच माणूस आज एफोद घेऊन जवळ येतो.) मीही मग वहीत प्रश्न लिहायला लागले. मोठे आत्मिक वगैरे नाहीत. पप्पांच्या ऑपरेशनसाठी काकांकडे पैसे मागू का? कमी पगाराची नोकरी घेऊ का? रोज एक प्रश्न लिहायचा, त्याखाली एक स्तोत्र वाचायचं. काहींची उत्तरं आली, काहींच्या पुढे पान कोरं आहे.

पाठलाग सुरू झाला आणि बसोर ओढ्यापाशी दोनशे माणसं थांबली. ती इतकी दमली होती की ओढा ओलांडता येईना. दावीद त्यांना रागावत नाही, ओढतही नाही. सामानापाशी ठेवतो आणि चारशे जणांना घेऊन पुढे जातो.

पुढे शेतात एक मिसरी तरुण पडलेला सापडतो, एका अमालेक्याचा गुलाम. आजारी पडला म्हणून मालकाने त्याला तीन दिवसांपूर्वी तिथेच टाकून दिलं होतं. माझ्या त्या अकरा मिनिटांनंतर हे वाक्य वाचताना काय वाटलं असेल, तुम्हीच समजा. दावीदाच्या माणसांना घाई होती, त्यांची मुलंबाळं शत्रूच्या हातात होती. तरी आधी त्याला भाकर दिली, पाणी दिलं, अंजिराच्या ढेपेचा तुकडा आणि सुक्या द्राक्षांचे दोन घड दिले. त्याच्या जिवात जीव आल्यावर मग विचारपूस. शत्रूपर्यंतची वाट त्यानेच दाखवली.

लढाई होते, नेलेलं सगळं परत मिळतं. परत येताना चारशेपैकी काही जण म्हणतात की जे आले नाहीत त्यांना लुटीतलं काही द्यायचं नाही, आपापली बायकामुलं घ्यावीत आणि चालू लागावं. दावीद त्यांनाही ‘भावांनो’ म्हणतो, पण ऐकत नाही. हे देवाने दिलंय, म्हणून लढणाऱ्याचा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच. इस्राएलात पुढे तो नियमच झाला.

तुमच्यातले काही जण सध्या बसोरच्या अलीकडे बसलेले आहेत, मला माहीत आहे. उपासनेला जावंसं वाटत नाही, कोयर सोडलाय, संगतीच्या ग्रुपवर फक्त ‘सीन’ करता. पलीकडे गेलेल्यांच्या साक्षी ऐकून आणखीनच दमायला होतं. त्या दोनशे जणांवर शास्त्राने अविश्वासाचा ठपका ठेवलेला नाही, ‘दमलेले’ एवढंच म्हटलंय. दावीद परत आला तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन त्याने त्यांची खुशाली विचारली (वचन २१). आणि जे पलीकडे आहेत त्यांनी, कृपा करून, या आठवड्यात एका तरी दमलेल्याला फोन करावा. वचन पाठवू नका, आधी जेवलास का ते विचारा.

आता एक अवघड गोष्ट. या अध्यायावरून ‘जे जे गेलं ते ते सगळं परत मिळणार’ असे संदेश पुष्कळ ऐकायला मिळतात. मला ते पटत नाहीत. अमालेक्यांनी नेलेलं सगळं परत मिळालं, हे खरं. पण पान उलटा. २ शमुवेल १ मध्ये दावीद सिकलागला परतून दोन दिवस झालेत आणि तिसऱ्या दिवशी एक माणूस फाटक्या कपड्यांनी, डोक्यात माती घालून बातमी घेऊन येतो: गिलबोवा डोंगरावर शौल मेला, आणि योनाथानही. दावीद आपली वस्त्रं फाडतो, रडतो आणि संध्याकाळपर्यंत उपास करतो. बायका परत आल्या, मुलं परत आली, गुरंढोरं परत आली. योनाथान आला नाही.

माझंही तसंच झालं. चार महिन्यांनी नोकरी लागली, पगार थोडा कमी. पप्पांचं ऑपरेशन झालं, आता ते सकाळी फिरायला जातात. ती मात्र नाही.

गेथशेमाने बागेत येशूनेही मित्रांना जागं राहायला सांगितलं होतं आणि ते झोपले. लूक २२:४३ मध्ये स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला बळ देतो. तरी प्याला टळला नाही. पुढच्याच वचनात तो अधिक कळकळीने प्रार्थना करतो आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो. बळ मिळाल्यानंतरची ही प्रार्थना आहे, हे मी किती वर्षं नीट वाचलंच नव्हतं.

बुधवारी रात्री साडेनऊला मी अजूनही बसते. गेल्या महिन्यापासून मंडळीतली एक मुलगी फोनवर असते, नुकतीच शहरात आलेली, होस्टेलच्या जिन्यात बसून हळू आवाजात बोलते. परवा तिने विचारलं, "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

प्रार्थना : प्रभू, आज जे राखेत उभे आहेत त्यांच्याजवळ ये. ज्यांचा योनाथान गेला आहे त्यांचा हात तू धर. जे ओढ्याच्या अलीकडे थांबले आहेत त्यांची खुशाली विचारायला कुणाला तरी पाठव, आणि हवं तर मला पाठव. येशूच्या नावाने मागते. आमेन.

उद्याचा शास्त्रपाठ : २ शमुवेल १