*कोळी: पिकावरचा, गवतातला आणि अंगावरचा*



भात कापणी, गवत कापणी सुरू आहे. त्यामागोमाग वांगी, मिरची, भेंडी येईल. या दिवसांत एकाच कुळातला जीव तीन ठिकाणी त्रास देतो, तो म्हणजे कोळी. घरात जाळं विणतो तो नव्हे, त्याचा टाचणीच्या टोकाहून लहान भाऊबंद. कीटकाला पाय सहा, वाढ झालेल्या कोळ्याला आठ. त्यामुळे कीटकांची बरीच औषधं याला लागू पडत नाहीत. ओळख चुकली की औषध चुकतं.

*१) पिकावर*
वांगी, भेंडीच्या पानावर पिवळट-पांढरे ठिपके आणि खालून बारीक जाळी दिसली तर पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. लाल ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी.
मिरचीत पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे. खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं तर कोळी. दोन्हीला "चुरडा-मुरडा" म्हणून एकच फवारा मारू नका.
सायपरमेथ्रीनसारखी औषधं वारंवार मारली की कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो.
उपाय: जास्त लागलेली पानं तोडून नष्ट करा. पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, १० लिटरला २५ ते ३० ग्रॅम. जास्त प्रादुर्भाव असेल तर स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के, १० लिटरला ८ मिली. फवारा पानाच्या *खालच्या* बाजूला बसला पाहिजे. गंधक भर उन्हात नको. काकडी, दुधीवर तर नकोच, पानं करपतात. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा ते लेबलवर बघा.

*२) गवतात*
झुडपात, उंच गवतात एका कोळ्याची पिल्लं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ती चावल्यावर साधारण १० दिवसांनी स्क्रब टायफस हा ताप येऊ शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या तापानं माणसं दगावली. आपल्याकडेही गवतात काम करणाऱ्यानं सावध राहावं.
लक्षणं: जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी. काख, जांघ, कंबर इथं बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग. डाग दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. काहींना डाग येतही नाही.
हा ताप मलेरिया, डेंग्यू, लेप्टोसारखाच वाटतो. म्हणून डॉक्टरांना *आपणहून सांगा*: "मी गवत कापत होतो." वेळेत योग्य गोळ्या मिळाल्या तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनीवर जातं. ताप आला तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. आरोग्य केंद्र, कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचं ग्रामीण रुग्णालय गाठा.
काळजी: पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट. जेवायला गवतावर बसू नका, आडवे होऊ नका. घरी आल्यावर साबणानं आंघोळ, कपडे लगेच धुवा.

*३) अंगावर*
बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला खाज, रात्री जास्त, आणि घरात दोघा-तिघांना? ती खरूज. तीही कोळ्यामुळेच होते. एकट्यानं मलम लावून ती जात नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम घरातल्या *सगळ्यांनी एकाच दिवशी* लावायचं आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. आश्रमशाळेतून मूल सुट्टीला आलं की हात बघा.

⚠️ पिकाचं किंवा गुरांच्या गोचिडाचं औषध माणसाच्या अंगाला *कधीही* लावू नका. विषबाधा होते.

पानाचा खालच्या बाजूचा फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो. हा संदेश घरात आणि मजुरांनाही वाचून दाखवा.