रात्रीचा कॉल

मानसोपचारात रेसिडेन्सी करत होते तेव्हाची गोष्ट. पहाटे तीनला मेडिसिन वॉर्डातून कॉल आला. जिवाचं बरंवाईट करून घ्यायला निघालेला एक तरुण शेतकरी, सलाईनवर. माझी ड्युटी आदल्या सकाळपासून चालू होती. तो म्हणाला, "मॅडम, चुकलं माझं. आता घरी सोडा." बायको दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. सीनियर सरांना फोन करायला हवा होता. एवढ्यासाठी उठवलं म्हणून ओरडतील, या भीतीने केला नाही. 'सध्या धोका नाही' असं केसपेपरवर लिहून सही केली.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. वाचला, पण माझी झोप उडाली ती उडालीच. मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत कुणाचा तरी फोन माझ्याच रिंगटोनवर वाजला आणि घास हातातच राहिला, छाती धडधडायला लागली. वॉर्डात नातेवाइकांवर खेकसायला लागले. दिवसभर इतरांना 'बोला, मोकळे व्हा' म्हणणारी मी सहा महिने कुणाशी चकार शब्द बोलले नाही. शेवटी त्याच सरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अगं, फोन करायचास ना."

जागरणाचा थकवा झोपेने जातो. एकटीने घेतलेला निर्णय मात्र आतून पोखरत राहतो. म्हणून ज्युनियरना सांगते, आत्महत्येची शंका असलेल्या पेशंटला सोडायचं असेल तर सीनियरला उठवायचंच, आणि फोनची वेळ केसपेपरवर लिहायची. खवळलेल्या पेशंटजवळ वॉर्डबॉय मामा आणि सिस्टर सोबत असल्याशिवाय जायचं नाही. उभं राहायचं ते दाराच्या बाजूला. सकाळी हँडओव्हर देताना ज्याची धास्ती वाटते त्याचं नाव घेऊन सांगायचं, म्हणजे तो पेशंट आपल्यासोबत घरी येत नाही. मी रिंगटोनही बदलली. त्याचा खरंच उपयोग झाला.

तासांबद्दलही गप्प बसू नका. रेसिडेंटची सलग ड्युटी सहसा १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्राची १९९२ ची रेसिडेन्सी योजना सांगते. ३६ तास जागलेल्या डॉक्टरला असा निर्णय घ्यायला लावणं हा पेशंटवर अन्याय आहे.

टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आपण पेशंटच्या कागदावर लिहून देतो. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि फोन करणारा डॉक्टर असला तरी चालतो.