जमीन संपादनात जाते तेव्हा : उभा ऊस, विहीर आणि कागद



लावण, खत, पाणी, खोडव्याची निगा याबद्दल आपण नेहमी वाचता. या वेळचा विषय वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. रस्ता, कालवा, रेल्वे किंवा औद्योगिक वसाहत यासाठी सरकार जमीन घेते तेव्हा मालकाला कोणते हक्क असतात आणि ते कशाने बुडतात, हे समजून घेऊ. प्रस्तुत लेखक वकील नाही. कृषी पदविकेला हा विषय आम्हाला नव्हता. पण गटात फिरताना आखणीच्या खुणा दिसल्या की सभासद पहिला प्रश्न हाच टाकतात, "साहेब, उभ्या उसाचं काय?"

आधी मुळातला हक्क. मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि कलम ३००-अ आले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे ते सांगते. हिमाचल प्रदेशात हमीरपूर जिल्ह्यात एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली संपादन न करताच रस्त्यात घातली गेली. इतकी वर्षे ताबा आमच्याकडे आहे, तेव्हा जमीन आमचीच झाली, असे सरकारने न्यायालयात सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ते म्हणणे फेटाळून भरपाईचा हुकूम केला. पन्नास वर्षांनी का होईना, न्याय मिळाला. पण पन्नास वर्षे थांबायची ताकद आपल्यात किती जणांत आहे?

इंग्रजी अमदानीतला १८९४ चा भूसंपादन कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. मात्र सगळी जमीन याच कायद्याने घेतली जाते असे नाही. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा १९५६ चा, औद्योगिक वसाहतीचा १९६१ चा. म्हणून नोटीस हातात पडली की पहिल्या ओळीत कायद्याचे नाव आणि कलम बघा. २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर लेखी हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाला फक्त २१ दिवस. ऊसतोडीच्या धांदलीत २१ दिवस कुठे जातात हे आपल्याला सांगायला नको.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. जमीन घ्यावी की नाही, आखणी इकडून की तिकडून, यावरची हरकत ही एक गोष्ट. भावाबद्दलची मागणी ही दुसरी. पहिली मुदतीत दिली नाही तर पुढे कोणी ऐकून घेत नाही. आणि पहिली दिली म्हणून दुसरी आपोआप होत नाही; कलम २१ ची नोटीस येईल तेव्हा आपली जमीन, झाडे, विहीर, पीक यांची मागणी वेगळी व लेखी द्यावी लागते. तोंडी सांगितलेले प्रांतसाहेबांच्या फाइलला लागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

आता भाव कसा ठरतो ते पाहू. मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर आणि जवळपासच्या तशाच जमिनींची मागील तीन वर्षांतली खरेदीखते, या दोन्हींत जो भाव जास्त तो बाजारभाव. खरेदीखतांपैकी जास्त भावाची निम्मी घेऊन त्यांची सरासरी काढतात. म्हणजे मुद्रांक वाचवायला खताच्या कागदावर आपण जो कमी आकडा लिहितो, तोच आकडा उद्या संपूर्ण गावाच्या गळ्यात पडतो. चावडीवर एकरी भाव एक आणि कागदावर निम्मा, ही चाल आपणच पाडली. सरकारला दोष देताना हेही बोलले पाहिजे.

या बाजारभावाला ग्रामीण भागात १ ते २ च्या दरम्यानचा गुणक लावतात. नुसते समजण्यासाठी धरू की एका एकराचा बाजारभाव २० लाख आणि विहीर, झाडे मिळून २ लाख. गुणक २ असेल तर ४० अधिक २, म्हणजे ४२ लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, जिला कचेरीत सोलेशियम म्हणतात. एकूण ८४ लाख. गुणक १ असेल तर २२ आणि २२, म्हणजे ४४ लाख. एका आकड्यात ४० लाखांचा फरक! म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणता गुणक लावला आहे हे लेखी विचारा. शिवाय बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोपर्यंत, साल १२ टक्के दराने रक्कम मिळते. जुन्या कायद्यात दिलासा ३० टक्के होता, तो आता १०० टक्के झाला आहे.

पण हे सगळे मोजणीच्या दिवशी बांधावर जे लिहिले जाते त्यावर उभे असते. संयुक्त मोजणीला घरातला जाणता माणूस हजर पाहिजे. शेजाऱ्यावर सोपवू नका. पंचनाम्यात नुसते 'ऊस' लिहिलेले पुरत नाही. आडसाली की सुरू, लागण की खोडवा, लागणीची तारीख, जात, क्षेत्र, ठिबक असल्यास तेही लिहवून घ्या. पाच महिन्यांच्या आडसालीत बेणे, खत, मजुरी सगळे घालून झालेले असते आणि गाळपाला एक कांडे मिळणार नसते. अशा वेळी कारखान्याकडची लागण नोंद फार उपयोगी पडते, कारण तीवर गट नंबर, तारीख आणि क्षेत्र असते. मागील हंगामांच्या वजनाच्या पावत्यांवरून एकरी उतारा दाखवता येतो. सात-बारावर पीक नसेल तर ई-पीक पाहणी वेळेत भरा. ऊस आहे आणि उताऱ्यावर पड दिसते, असे सात-बारे या डोळ्यांनी पाहिले आहेत.

विहीर, बोअर, जमिनीखालची पाइपलाइन यांचे तसेच. जमिनीखाली असलेले मोजणीदाराला दिसत नाही. उपसा योजनेची लाइन रस्ता ओलांडत असेल, तर रस्ता होण्यापूर्वीच खालून पाइप टाकण्याची सोय संस्थेमार्फत लेखी मागा. डांबर पडल्यावर कोणी रस्ता फोडू देत नाही. मधून रस्ता गेल्याने रानाचे दोन तुकडे झाले, पलीकडच्या तुकड्याला पाणी आणि उसाची गाडी जाईना, तर त्या नुकसानीचीही भरपाई कलम २८ मध्ये आहे. मात्र मागितली तर.

वारस नोंद, वाटणी, सोसायटीच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा कमी करणे, ही कामे आखणीची कुणकुण लागताच उरका. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार करता येत नाहीत. भावाभावांत वाद राहिला तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि दोघेही हेलपाटे घालतात. बहिणींची नावे गाळून केलेली वाटणी येथेच उघडी पडते.

निवाडा झाला आणि रक्कम कमी वाटली, तर पैसे नाकारायची गरज नाही. 'हरकत राखून रक्कम स्वीकारत आहे' असे पावतीवर लिहूनच सही करा. तसे न लिहिता घेतले तर वाढीव भरपाईचा अर्ज करता येत नाही (कलम ७७). निवाड्याच्या वेळी हजर असाल तर हा अर्ज सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो (कलम ६४). राष्ट्रीय महामार्गात वाट निराळी, तेथे लवादाकडे जावे लागते. थेट खरेदीने जमीन देणार असाल तर खरेदीखत नीट वाचा. संमतीने भाव ठरवून दिल्यावर वाढीव मागणीची वाट बहुधा बंद होते.

२०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही (कलम ९६). कपात झालेली दिसली तर विचारा.

ज्या सभासदांचे क्षेत्र आखणीत येत आहे त्यांनी लागण नोंदीचा दाखला व मागील तीन हंगामांच्या वजनाचा उतारा आपल्या गट कार्यालयात अर्ज करून मागावा. अर्जात गट नंबर आणि लागणीचा हंगाम अवश्य लिहावा, आणि मोजणीची तारीख कळताच चिटबॉयला सांगून ठेवावे.