समेट कोण घडवितो? : कोरिया व जपानचा धडा

दोन राष्ट्रांत तह झाला, रक्कम ठरली, म्हणजे वैर मिटले, असे आपण समजतो. हे कितपत खरे आहे, हे प्रस्तुत लेखात आम्ही एका उदाहरणावरून पाहणार आहोत.

१९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता. पुढे १९६५ साली जपान व दक्षिण कोरिया यांच्यात करार झाला. जपानने ३० कोटी डॉलरचे अनुदान व २० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. परंतु महायुद्धात जपानी सैनिकांच्या वेश्यागृहांत डांबल्या गेलेल्या स्त्रियांचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या लाजेने गप्प राहिल्या. वस्तुतः लाज अत्याचार करणाऱ्यांना वाटावयास हवी होती.

१४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली. ८ जानेवारी १९९२ पासून सोल येथील जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शने सुरू झाली. त्याच महिन्यात योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने सैन्याचा सहभाग दाखविणारी सरकारी कागदपत्रे उजेडात आणली. १९९३ साली जपान सरकारच्या वतीने कोनो यांनी सैन्याचा सहभाग मान्य करून क्षमा मागितली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. सत्य सांगणारी स्त्री कोरियन होती, तर त्याला पुरावा देणारा अभ्यासक जपानी होता. आपल्या देशाची चूक सांगणे म्हणजे देशद्रोह नव्हे, हे त्याने कृतीने दाखविले. २००५ साली जपान, चीन व दक्षिण कोरियातील अभ्यासकांनी आणि शिक्षकांनी तिन्ही भाषांत एकच इतिहासग्रंथ काढला, तोही याच वृत्तीने.

याउलट, २०१५ साली दोन्ही सरकारांनी १०० कोटी येनचा करार करून प्रश्न कायमचा मिटल्याचे जाहीर केले. पीडितांना पुरेसे विश्वासात घेतले नव्हते. काहींनी रक्कम घेतली, काहींनी नाकारली आणि वाद पुन्हा पेटला.

तात्पर्य, सरकारे करार करू शकतात. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय समेट होत नाही. विद्यार्थी मित्रांनी इतिहास वाचताना प्रथम हेच विचारावे : या करारात पीडित कोठे आहे?